पीपी नंबर

मित्रांनो, मी एक जुना लाल टेलिफोन आहे आणि पहिल्यापासून संशयी आहे. १९९८ साली राजापूरजवळच्या एका वाडीत, जमालभाईंच्या ओटीवर माझी स्थापना झाली. वाडीत दुसरा फोन नव्हता. त्यामुळे प्रत्येकाने आपल्या अर्जावर माझाच नंबर लिहिला आणि पुढे ‘पीपी’ जोडले. म्हणजे फोन शेजाऱ्याचा, निरोप आमचा.

जमालभाईंची बायको हफीजा मला विणलेला रुमाल घालून ठेवायची. शेजारच्या मथुराबाईंचा फोन आला, की ती भर उन्हात त्यांना बोलवायला जायची. चार दिवसांनी मथुराबाई फणस घेऊन यायच्या. मी मनात म्हणायचो, बघा, फणसासाठी पळते. जो तो आपल्याच पोळीवर तूप ओढतो, असे माझे ठाम मत होते.

२००१ च्या मे महिन्यात, एका दुपारी मुंबईच्या ऑफिसातून फोन आला. मथुराबाईंचा दर्शन आणि जमालभाईंचा अनस, दोघांनीही बोटीवरच्या नोकरीसाठी तिथे अर्ज केला होता.

“दर्शनला उद्या सकाळी दहाला पाठवा. जागा एकच आहे. नाही आला तर पुढच्याला बोलावू.”

“पुढचा कोन?” जमालभाईंनी विचारले.

“अनस. त्याचाही नंबर हाच दिसतोय.”

जमालभाईंनी रिसीव्हर ठेवला, माझ्यावर रुमाल ओढला आणि ते बसून राहिले. अनस दोन वर्षे घरी बसून होता. मुंबईची एसटी चारला सुटायची आणि सव्वातीन होऊन गेले होते. खरे सांगतो, मला आनंद झाला. माझेच म्हणणे खरे ठरत होते.

हफीजा बाहेर आली. “कोनाचा फोन व्हता?”

“दर्शनला बोलावलाय. तो नाय गेला तर आपला अनस जाईल.”

तिने माझ्यावरचा रुमाल सरळ केला. मग म्हणाली, “मथुरावैनीचा तोंड रोज बघायचा हाय आपल्याला.”

जमालभाई उठले आणि चप्पल न घालताच मथुराबाईंकडे गेले. लाजेने गेले, मी म्हटले. लाज राखणे हाही स्वार्थच.

मथुराबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या. उशीर का केलात, असे त्यांनी विचारले नाही. “जमालभाई, गाडी कितीची?” एवढेच विचारले.

अनसने आतून सगळे ऐकले होते. दर्शन पिशवी भरेपर्यंत एसटी थांबवून धरायला तोच पुढे पळाला. दर्शनला गाडी मिळाली.

आता घरोघर मोबाइल आले आहेत आणि मी माळ्यावर धूळ खातो आहे. हफीजाचा स्वार्थ मला सापडला, जमालभाईंचाही सापडला. अनसचा मात्र अजून शोधतो आहे. मित्रांनो, मनाची झडती जरूर घ्या, पण निरोप आधी पोचवा. एसटी झडतीसाठी थांबत नाही.