उलटा टांगलेला माणूस आणि केस वाळवायचा टोप

जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. खाली औषधांचं दुकान, वर पार्लर, आणि मधल्या पायऱ्यांवर बायकाच बायका. पार्लरमधून जी बाहेर येई ती डोळे पुसतच येई.

“माझ्या नवऱ्याची नोकरी गेल्याचं तिला कसं कळलं सांगा! मी चकार शब्द काढला नव्हता,” एक म्हणाली.

“आणि माझ्या मुलीचं? घरात कुणाला माहीत नाही हो ते!” दुसरीने कानाला हात लावला.

ही सगळी गर्दी केस कापायला नव्हती. पार्लरच्या कोपऱ्यात प्लायवूडची एक खोली होती, तिथे एक टॅरोवाली बसायची. चित्रांचे पत्ते मांडायची आणि न सांगता मनातलं ओळखायची.

माझ्या ताईच्या छातीत गाठ होती. तपासणीचा निकाल वाईट आला होता, डॉक्टरबाईंनी ऑपरेशनची तारीख दिली होती, आणि ताईने ती परस्पर रद्द केली. का? तर पत्त्यांत उलटा टांगलेला माणूस निघाला म्हणून.

“तो लटकलाय, पण चेहरा बघ, शांत आहे,” ताईने मला समजावलं होतं. “म्हणजे थांब. आत्ता अंगाला सुरी लावू नकोस, युनिव्हर्स तुला बरं करतंय, असं म्हणाली ती.”

“युनिव्हर्सला दुसरे उद्योग नाहीत का गं?”

“चेष्टा करू नकोस. मी न सांगता तिला गाठ कळली. न सांगता! मग पुढचंही खरंच असणार ना?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पत्त्यांवर माझा राग नाही. चित्रं सुरेख असतात. एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात पाणी ओतणारी आकृती बघितली की मला घर आणि नोकरी सांभाळणारी ताईच दिसते. कोसळणारा मनोरा बघितला की परीक्षेच्या आठवड्यातली, मी शिकवते ती शाळा. चित्र समोर ठेवून माणूस घटकाभर स्वतःशी बोलला तर बिघडलं कुठे? पण चित्राने ऑपरेशन अडवायचं? म्हणून त्या दिवशी मी ताईबरोबर गेले. भांडायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू.

टॅरोवालीच्या खोलीत जाण्याआधी एक नियम होता. केस धुऊन, वाळवून बसायचं. “केसांत जुनी एनर्जी अडकते ना,” पार्लरवाली गोड आवाजात म्हणाली. पार्लरमध्ये ती एका वेळी एकीलाच घ्यायची. ताईला मदत लागेल म्हणून मी हट्टाने आत शिरले. केस धुऊन झाल्यावर तिने ताईला प्लायवूडच्या भिंतीला टेकलेल्या खुर्चीत बसवलं आणि डोक्यावर तो ड्रायरचा मोठा टोप उतरवला. घुर्र सुरू झालं. मग ती ताईच्या कानाशी वाकली. “काय झालं गं? चेहरा का उतरलाय?”

“आज मला विचारायचंय की ऑपरेशन कायमचंच टाळू का!” ताई म्हणाली.

म्हणाली कसली, किंचाळली! माझी ताई, जी रिक्षावाल्यालाही हळू आवाजात थांबवते. तिला वाटत होतं आपण कुजबुजतोय. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शाळेच्या कॉम्प्युटर रूममध्ये पोरं कानाला हेडफोन लावतात आणि शेजारच्याला गुपित सांगताना अख्खा वर्ग दणाणून सोडतात. कानात आवाज भरला की स्वतःचा आवाज कळत नाही. एवढंच!

“मलाही बसायचंय,” मी म्हटलं. ताईला बाहेर जिन्यात थांबवून मी टोपाखाली बसले. पार्लरवालीने विचारायचाच अवकाश, मी घसा फोडून सांगितलं, “माझी जुळी बहीण लहानपणी विहिरीत पडून गेली हो! अजून स्वप्नात येते!”

मग आम्ही दोघी बहिणी एकत्रच आत गेलो. उदबत्ती, काळी शाल, डोळे अर्धवट मिटलेले. तिने माझा पत्ता उलटला. चंद्र निघाला.

“पाणी दिसतंय,” ती कापऱ्या आवाजात म्हणाली. “खोल पाणी. एक लहान मुलगी तुझ्या मागे उभी आहे. हुबेहूब तुझ्यासारखी. जुळी... ती रडतेय गं.”

ताईने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“ही झाली तेव्हा मी आईच्या उशाशी होते,” ताई सावकाश म्हणाली. “ही एकटीच होती.”

टॅरोवालीचे डोळे पूर्ण उघडले. “युनिव्हर्स कधी कधी मागच्या जन्मीचंही...”

“मागच्या जन्मी कशाला?” मी म्हटलं. “मगाशी त्या टोपाखाली सांगितलं की मी! भिंतीपलीकडे बसून ऐकत होतात ना?”

तेवढ्यात भिंतीपलीकडून पुढच्या बाईचा आवाज आला, शब्द न् शब्द स्पष्ट. “कुणाला सांगू नका हं! नवरा माझ्याशी महिनोन्महिने बोलतच नाही!”

ताई उठली, बाहेर गेली आणि ड्रायरचं बटण बंद केलं. “आता बोला,” त्या बाईला म्हणाली, “आणि किती मोठ्याने बोलताय ते ऐका.”

पार्लरवाली काखा वर करून मोकळी झाली. म्हणे, “मी फक्त केस वाळवते.”

खाली उतरताना ताई पायरीवरच बसली. “मला थांबायचंच होतं गं,” ती म्हणाली. “सुरीची भीती वाटत होती. ती थांब म्हणाली आणि मला इतकं बरं वाटलं...” तिला कुशीत घेताना मला रडू आलं, आणि त्या बाईचा गळा धरावासाही वाटला. ताईची भीती तिने ऐकली आणि तिलाच परत विकली! ताईने तिथूनच डॉक्टरबाईंना फोन लावला.

ऑपरेशन झालं. गाठ वाढली होती. वेळेवर आला असतात तर पुढची जालीम औषधं कदाचित लागली नसती, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या औषधांनी ताईचे केस गेले. परवा आरशासमोर उभी राहून ती म्हणाली, “चला, आता मला त्या टोपाखाली कुणी बसवणार नाही.” ती हसली. मला नाही हसता आलं.

ऐकलंय की टॅरोवालीने आता दुसऱ्या पार्लरमध्ये बस्तान मांडलंय. म्हणून सांगते. पत्ते हवे तर बघा, चित्रं बघून स्वतःशी बोला, माझी ना नाही. पण कुणी न सांगता तुमच्या मनातलं ओळखलं, तर हात जोडण्याआधी स्वतःला विचारा, हे आपण कुठे बोललो होतो आणि पलीकडे कोण बसलं होतं? आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख कुणाच्याही पत्त्याच्या भरवशावर पुढे ढकलू नका. पत्त्यातला माणूस लटकून राहू शकतो. अंगातली गाठ थांबत नाही.