आठवा कंद

दाक्षायणियम्मा आमच्या सरकारी प्रयोगशाळेच्या पायरीवर दिसली की शिपाई मला चिडवायचा, "आली तुमची सासू." दर सोमवारी ती त्रिशूरहून यायची. तिची मुलगी श्रीलेखा लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासरी ओकून ओकून गेली होती. जावई रघुत्तमन कोठडीत होता, आणि त्याला लटकवायला म्हातारीला माझ्या हातचा कागद हवा होता.

"सापडलं का विष, मोळे?" मोळे म्हणजे पोरी.

"नाही अजून, अम्मा."

"नीट बघ की. सरकारनं पगार कशाचा लावलाय तुला?"

संताप यायचा मला. नेहमीच्या सगळ्या तपासण्या कोऱ्या आल्या होत्या. शेतात फवारायचं औषध नाही, उंदरांचं नाही, आमच्याकडच्या विषप्रयोगांत लाडकी, ओतळंगाच्या झाडाची बीसुद्धा नाही. साहेब म्हणाले, "विष आढळले नाही असं लिहा आणि सुटा." पण जठरातल्या त्या पिठूळ लगद्यानं माझं डोकं खाल्लं होतं. मिठाच्या पाण्यात जठर ठेवलेली बरणी मी पुन्हा उघडली, पुन्हा अर्क काढला, यंत्रावर चढवला. या वेळी पडद्यावर रेघ उभी राहिली. कळलावीच्या कंदातलं विष.

खरं सांगते, आनंद झाला. समोर मेलेलं माणूस असतं आणि आम्हाला आनंद होतो, असला आमचा धंदा.

सोमवारी तिला सांगून टाकलं. सांगायचं नसतं, पण तिचं तोंड बंद करायचं होतं. तिनं दोन्ही हात जोडले. "भोग आता, मेल्या रघुत्तमना!"

मी सवयीनं विचारलं, "शेवटचं काय खाल्लं होतं तिनं?"

"त्या घरात? काही नाही. सकाळी नवरा माझ्याकडून घेऊन गेला, दुपारपासून ओकायला लागली. पोटभर खाल्लं ते आदल्या संध्याकाळी, माझ्या हातचं." तिचा ऊर भरून आला. "लग्नानंतरचा पहिला तिरुवातिरेचा सण ना तिचा. एट्टंगाडी केली होती मी. नवऱ्याला आयुष्य मिळावं म्हणून खातात. त्या राक्षसाला!"

एट्टंगाडी म्हणजे निखाऱ्यात भाजून गुळात घोळलेले कंद. आठ म्हणजे आठच, एक कमी चालत नाही.

"कुठले आठ घातले, अम्मा?"

ती बोटांवर मोजू लागली. सुरण, कोनफळ, रताळं, अळकुडी. सातावर अडली. "आठवा बाजारात मिळेना. मग कुंपणाशी खणला. वेल वाळून गेला होता, पण कंद चांगला होता, नांगरासारखा वाकडा. एकच निघाला, म्हणून तिच्याच पानात वाढला. नवी नवरी ती."

हळू सांगायला हवं होतं. पण इतक्या सोमवारांचे टोमणे माझ्या पोटात साठले होते.

"तीच कळलावी, अम्मा."

आठवं बोट तसंच वर राहिलं. तिनं विचारलं, "हे कागदात लिहितेस?"

"कागदात विषाचं नाव असतं. कुणी घातलं ते नसतं."

ती उठली. पुढच्या सोमवारी आली नाही.

साक्षीच्या पिंजऱ्यात मी सगळं सांगितलं. न्यायाधीशांनी म्हातारीला पुन्हा उभं केलं आणि विचारलं, कंद किती घातले?

"सात," ती म्हणाली. "आठवा मिळालाच नाही. अपशकुन तेव्हाच झाला, सायबा." आणि ऊर बडवून अशी रडली की मागच्या बाकावरच्या बायकाही रडू लागल्या. सरकारी वकील माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडमनी विषापुरतं बोलावं." लेक गमावलेल्या आईला खोटं कोण पाडणार? रघुत्तमनच्या कुंपणालाही कळलावी होतीच, कुणाच्या नसते? त्याला जन्मठेप झाली. पुरावा म्हणून माझाच कागद जोडला होता.

बाहेर व्हरांड्यात मी तिची वाट अडवली. "अम्मा, तो निर्दोष आहे. तुम्हाला माहीत आहे."

तिनं डोळे पुसले. आवाज अगदी शांत होता.

"मी हो म्हटलं तर माझी लेक मीच मारली असं होतं, मोळे. ते मला सोसणार नाही. तो तरुण आहे. तो सोसेल."