समासात लिहिलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुने पॅड आहे. तुम्ही परीक्षेला नेता तसलेच. पुठ्ठ्याची पाठ आणि माथ्यावर लोखंडी चिमटा. परंतु माझ्यावर कोणी पेपर सोडवला नाही. कोणता माल का खपतो व का खपत नाही, हे लोकांना विचारून शोधणाऱ्या एका कार्यालयाने मला विकत घेतले आणि तेथे काम करणाऱ्या ताईंच्या हाती सोपवले. ताई दारोदार फिरत. त्यांच्या पगारावर सासूबाई व दोन मुली अवलंबून होत्या. दुपारच्या उन्हात त्या मलाच डोक्यावर धरीत, तेव्हा मला मोठा अभिमान वाटे.

एके दिवशी इस्त्रीच्या कारखान्याचे मालक आमच्या साहेबांकडे आले.

"इस्त्र्या पडून आहेत हो. आमचे मेव्हणे म्हणतात, रंग जुनाट झालाय."

"मग लोकांना कुठला रंग हवा, ते शोधून देतो," साहेब म्हणाले.

चहाचा कप रिकामा होण्यापूर्वी समस्या ठरून गेली! पाहणीचा आराखडा मात्र आठ दिवस चालला. तीनशे घरे, चार रंगांची कार्डे, अकरा प्रश्न, कोणत्या गल्लीतील कितवे दार, सारे रेखीव झाले. इस्त्री वापरताना काय खटकते, हा प्रश्न तेवढा त्या अकरांत नव्हता.

"साहेब, आधी दहा-वीस घरी नुसतं बोलून बघू का?" ताईंनी विचारले.

"ठरलेलं उकरू नका, ताई. फिरायला लागा."

आम्ही फिरू लागलो. एका खोलीत एक वृद्ध शिंपी त्याच कारखान्याची इस्त्री फिरवीत होते. ताईंनी रंगांची कार्डे पुढे करताच ते हसले.

"रंगाचं काय घेऊन बसलीस, पोरी? मुठीपाशी वायर सोलते हिची. दोनदा झटका खाल्लाय मी."

"काका, ते प्रश्नात नाही हो."

"मग कडेला लिही. साहेबांना सांगशील ना?"

"सांगते, काका."

ताईंनी समासात ते लिहिले. पाहणी संपली तेव्हा एकेचाळीस कागदांच्या समासात तसेच काही ना काही लिहिलेले होते.

ताईंनी शब्द पाळला. परंतु साहेबांनी कागद चाळून कपाळाला आठ्या घातल्या. "याला रकाना कुठंय? बेरजेत कसं बसवू मी हे?"

"साहेब, लोकांना झटके बसताहेत."

"आपल्याला रंग विचारलाय. काम नको असेल तर तसं सांगा."

खोडरबर ताईंच्याच हाती देण्यात आला. एकेचाळीस ओळींचा चुरा माझ्या पाठीवर पडला. मित्रांनो, इतके हलके ओझे मला कधी इतके जड झाले नव्हते.

निळा रंग जिंकला. कारखान्याने आभार म्हणून तीनशे घरी नवी निळी इस्त्री भेट पाठवली. वायर पूर्वीचीच होती.

दोन महिन्यांनी, रंग आवडला काय हे विचारण्यास आम्ही पुन्हा निघालो. शिंप्यांच्या घरी त्यांच्या पत्नीने दार उघडले. शिलाई यंत्रावर चादर टाकलेली होती.

"काका कुठेत?"

"गेले. अठरा दिवस झाले. इस्त्रीचा झटका बसला."

"जुनीचा?" ताईंनी विचारले.

"छे! जुनीला ते फडकं गुंडाळून धरायचे. नवीला म्हणाले, आता कशाला? त्या पोरीला सांगितलंय मी, वायर बदलली असणार."

काकूंनी माझ्यावरील कागदाकडे पाहिले, पहिल्या प्रश्नावर बोट ठेवून तो हळूहळू वाचला.

"रंग ना? रंग चांगला आहे. लिहा."

ताईंनी काहीच लिहिले नाही. सायंकाळी तो कोरा कागद आणि मला साहेबांच्या टेबलावर ठेवून त्या गेल्या, त्या परत आल्या नाहीत. साहेबांनी कागदावर 'घर बंद' असा शेरा मारला व पुढचा कागद घेतला. मला अडगळीत टाकण्यात आले.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कागद घेऊन कोणाच्या दारी जाल. काय विचारावे हे ठरवण्यापूर्वी, ज्याच्या हातात ती वस्तू रोज असते त्याचे ऐकून घ्या. वरिष्ठ ऐकतीलच असे नाही. न ऐकल्यास त्या दारी परत जा आणि सांगा, "काका, माझं कोणी ऐकलं नाही, जपून राहा." एवढे एक वाक्य सांगायचे राहिले. ताईंना परत जायला लाज वाटली, आणि मला तोंड नव्हते.