चोर ओळखणारा काटा

सकाळी आठलाच अख्खी वाडी देवळापुढं लोटली होती. बाया ओट्यावर, पोरं पारावर, आणि मागचे म्हातारे "ए, खाली बस की रं!" म्हणून पुढच्यांवर खेकसत होते. कंटकबाबांचा निकाल लागायचा होता! देवीची चांदीची छत्री चोरीला गेली होती, आणि पोलिसांत जायचं सोडून गावानं औंधच्या बाजारातून बाबा आणले होते. साल होतं १९९४. गावात टीव्ही येऊन पोचला होता, अक्कल मात्र अजून वाटेत होती.

बाबांची रीत सोपी. काल संध्याकाळी त्यांनी संशयित म्हणून तिघांना पुढं बसवलं: पुजारी नानासो, मेंढरं राखणारी हरणाबाई, आणि "कायदा समद्यास्नी सारखा" म्हणत छाती काढून बसलेले सरपंच हंबीरराव. मग ज्याच्या त्याच्या जागेतला बाभळीचा काटा मागवला. नानासोचा देवळामागचा, सरपंचांचा त्यांच्या रानातला, हरणाबाईचा तिच्या मेंढरांच्या बसल्या जागेतला. तिघांच्या पंजावर टोचला.

"काटा बोलतो, बच्चा! ज्या मातीचा काटा, त्या मातीचं पाप तो जाणतो. पापी हात सकाळपर्यंत फुगणार! ओम फट्!"

'फट्' म्हणताना बाबांच्या तोंडातली तंबाखू पहिल्या रांगेवर उडाली. लोकांनी ती भक्तिभावानं कपाळाला लावली.

आणि रात्रीत हरणाबाईचा हात टम्म फुगला. लाल, गरम, ठणकणारा. तिला रडूच फुटलं. रानात मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत द्यायचं आणि बदल्यात शेतकऱ्याकडून धान्य घ्यायचं, यावर तिचं घर चालायचं. चोराची मेंढरं कोण रानात घेणार? चोरी केली नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण हाताकडं बघून तिलाही वाटलं, झोपंत तर न्हाई ना चोरली मी?

"हात वर!" बाबा गरजले.

नानासोचा हात गुळगुळीत. हरणाबाईचा वर गेला आणि गर्दीनं एकदम श्वास घेतला.

"घालवा हिला शिवाराभाईर!"

"सरपंच, निकाल सांगा!"

हंबीरराव भर मे महिन्यात शाल पांघरून बसले होते. "सांगतो की," ते म्हणाले, पण उठेनात.

"आधी देवीला हात जोडा," बाबा म्हणाले.

सरपंचांनी एकच हात जोडला. एक हात कसा जोडतात हे गाव पहिल्यांदाच बघत होतं.

तेवढ्यात मोटरसायकल येऊन थांबली. मागं बसलेल्या डॉक्टर विनोदिनी बॅग घेऊन उतरल्या. मूळच्या सांगलीच्या, विश्रामबागेतल्या; सरकारी दवाखान्यात नोकरीला. "सरपंचसाहेब, रात्री गडी तुम्हीच धाडला होता ना? कुठंय तो सुजलेला हात?"

शाल घसरली. हरणाबाईपेक्षा मोठा हात!

"आयला, सरपंचबी चोर?"

"कोन चोर रं? देवीशप्पत, म्या न्हाई चोरली!"

"मग काटा खोटं बोलतुय व्हय?"

बाबा गडबडले. "ही... ही पुण्याची सूज आहे!"

"हिची पापाची आन् ह्यांची पुण्याची?" म्हातारे हसून हसून खोकायला लागले.

हरणाबाईच्या मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला. "आवं डाक्टरीणबाई, माजी मेंढरं धा दिस सरपंचांच्याच रानात बसल्यात! दोनी काटं येकाच लेंडीखतातलं!"

"झालं की मग!" डॉक्टरांनी दोघांच्या जखमा धुतल्या, धनुर्वाताची इंजेक्शनं टोचली आणि गावाकडं वळल्या. "काट्याबरोबर लेंडीतले जंतू आत गेले. कातडीखाली राखणदार पेशी असतात, जन्मापासूनच्या. जंतूच्या अंगावरची खूण त्यांच्या बाहेरच्या खुंटीला अडकली, की आत निरोप सुटतो. एक रेणू दुसऱ्याला हलवतो, दुसरा तिसऱ्याला, थेट पेशीच्या केंद्रकापर्यंत. तिथून हुकूम निघतो: रसायनं सोडा, कुमक बोलवा! रक्तवाहिन्या सैल होतात, पांढऱ्या पेशी धावून येतात. म्हणून लाली, ऊब न् सूज."

"आमच्या कुत्र्यावानी," हरणाबाई म्हणाली. "लांडग्याचा वास आला की येक भुकतं, मग समदी धावत्यात."

"अगदी तसंच! ती सूज चोर ओळखत नाही, जंतू ओळखते."

हरणाबाईनं बाबांपुढं पडलेला आपला कालचा काटा उचलला. "बाबा, तुमी तर पुण्यवान. घ्या टोचून."

बाबांनी दोन्ही हात काखेत घातले.

"म्हंजे तुमास्नी म्हाईत हुतं!" ती कडाडली.

"सहा गावांत चोर धरलेत मी!" बाबा किंचाळले.

"कोन हुतं ती? मेंढरंवालीच ना?"

बाबा हळूच मागं सरकले. हशा थांबला. हरणाबाईला एकाएकी भरून आलं. "त्या साही जनांचं काय? त्यास्नी कुनी हाकललं आसंल, ती कुठं आसतील?"

हंबीररावांनी तिच्यापुढं दोन्ही हात जोडले, सुजलेला ठणकत असतानाही. मग जीप काढली, बाबांना आत कोंबलं, आणि छत्रीच्या चोरीची तक्रार द्यायला पोलिसांकडं जाण्याआधी साही गावांत फिरवून प्रत्येक देवळापुढं काट्याची कबुली द्यायला लावली.

तुमच्या गावातही असा कुणी बाबा आला, तर चमत्काराला हात जोडण्याआधी एकच विचारा: काटा कुठून आणला? विचारायला उशीर झाला, की कुणाचं तरी घर उठतं.