छबूबाईचा पहारा

छबूबाईने नवऱ्याच्या तोंडावर पहारा बसवला, त्याला वर्ष होत आलं होतं. सुग्रीव माणूस तसा गरीब, पण गोड दिसलं की त्याचा तोल जायचा. त्याची साखर अडीचशेच्या वर निघाली तेव्हा छबूबाईला थोरला दीर आठवला. याच आजारात त्याचा पाय आधी बोटापासून गेला, मग गुडघ्यापासून, आणि दोन वर्षांत माणूसही गेला. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. तीस वर्षं हा कोयता संगतीने पाचट तुडवत आला होता. सुग्रीवला काही झालं तर मागे राहून आपण करायचं काय, असं ती रोज स्वतःला विचारायची.

मग तिने काय केलं नाही? चहातली साखर बंद, भात बंद, बटाटा बंद. सकाळी भिजवलेल्या मेथ्यांचं पाणी, जेवणात ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी, जेवल्यावर बांधावरून शंभर पावलं. इथवर ठीकच होतं. पण बाईचा स्वभाव असा, की एक हात खण म्हटलं की ती दोन हात खणणार. तीन भाकऱ्यांच्या तिने दोन केल्या, दोनाची एक केली. लग्नाच्या पंगतीत ती त्याच्या पाठीशी उभी राहायची आणि वाढप्याला दटावायची, "ह्यांच्या ताटात बुंदी टाकू नका, शुगर हाय ह्यांना." सुग्रीव बिचारा खाली मान घालून वरण ओरपायचा.

त्यानेही काही कमी उद्योग केले नाहीत. एकदा चक्कर आल्याचं सोंग करून त्याने शेजारच्या कुसुमबाईकडून गुळाचा चहा उकळला. ते कळल्यावर छबूबाईने दोन दिवस अबोला धरला.

दिवाळीनंतर सोनपेठच्या डॉक्टरांनी तपासलं तर साखर एकशेवीसवर आलेली. छबूबाईची छाती फुगली. सुग्रीव गोळ्या आणायला बाहेर गेला, तेव्हा डॉक्टरांनी तिला बजावलं, "मावशी, ह्या गोळीने साखर उतरते. गोळी घेतली की अर्ध्या तासात पोटभर खाऊ घाला. उपाशीपोटी कष्ट नकोत. आणि घाम सुटला, हात थरथरले, चक्कर आली, तर लगेच साखर द्या नाहीतर गूळ द्या. थांबायचं नाही. त्यांनाही हे सांगून ठेवा."

तिने मान डोलावली, पण सुग्रीवला यातलं अक्षर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर या बहाद्दराला रोज चार वेळा घाम सुटला असता! वेळ आलीच तर आपण आहोत की, असं तिने मनाशी ठरवलं.

यंदा त्याच्या दुखण्यापायी तिने तोडीला कोल्हापूरकडे जायला नकार दिला आणि गोदाकाठचाच उसाचा फड धरला. फडात माणसं उजाडायच्या आधी उतरतात आणि भाकरीचं फडकं सोडतात दहा-अकराला. गोळी मात्र सुग्रीव झोपडीतून निघतानाच घ्यायचा, कारण गोळीची वेळ चुकलेली छबूबाईला खपायची नाही. बरेच दिवस निभावलं. पण एके दिवशी ट्रॅक्टर लवकर आला आणि मुकादम आबासाहेब ओरडला, "आधी गाडी भरा, मंग खा!"

बारा वाजून गेले तरी भाकरी फडक्यातच होती. उसाची मोळी घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवर चढता चढता सुग्रीव मागे फिरला. पौषाच्या थंडीत त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. तो बांधावर बसला आणि त्याने उसाचं एक कांडं उचललं.

"छबे, एवढं खाऊ दे. हात कापायलेत माझे. डोळ्यापुढं अंधारी यायलीय."

"झालं का सोंग सुरू? चार माणसांत लाज वाटती का न्हाई?"

"सोंग न्हाई गं. तुझी आन हाय."

कांडं त्याच्या दातात होतं. तिने ते ओढून घेतलं. त्याच्या पायाशी चघळलेलं चिपाड पडलं होतं. ते कोणाचंही असेल, फडात सगळेच ऊस चघळतात. पण छबूबाईच्या मस्तकात तिडीक गेली. डॉक्टरांचं बोलणं तिला आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि तिने ते झटकून टाकलं. सकाळपासून चोरून ऊस खाल्ला म्हणून साखर चढली, अशी तिची खात्रीच पटली. तिने पिशवीतून कारल्याच्या रसाची बाटली काढून त्याच्या तोंडाला लावली. सुग्रीव काहीबाही बरळत होता. तिलाच माय म्हणाला, आणि शहाण्या लेकरासारखे दोन घोट प्याला. मग आडवा झाला तो झालाच.

गाडी मिळून सोनपेठला पोचेपर्यंत दोन तास गेले. डॉक्टरांनी बोटाला सुई टोचली, यंत्रावर आकडा आला चोवीस. शिरेतून साखर सोडली, पण सुग्रीवने डोळे उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी परभणीत तो गेला. उसाच्या फडात माणूस साखरेवाचून मेला, असं लोक म्हणाले. लोकांना बोलायला काय जातं?

लेक प्रियंका पूर्णेहून आली. दहाव्याला बायका जमल्या, तेव्हा ती आईला बिलगून बसली होती, आईच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"माय, तू लय केलंस गं दादांचं. त्या डाक्टरनं आधी सांगायला नको व्हतं का? एका शब्दानं दादा वाचले असते."

बायकाही डॉक्टरच्या नावाने बोटं मोडू लागल्या. छबूबाई गप्प बसली असती तर कोणाला काही कळलं नसतं. पण लेकीचा तो हात तिला सोसवेना.

"सांगितलं व्हतं," ती म्हणाली.

"कवा?"

"दिवाळीच्या मागनं. घाम आला की साखर द्या म्हणले. मीच तुझ्या दादांना सांगितलं न्हाई. म्हणलं, निमित्त करून खातील."

प्रियंकाने आईच्या पाठीवरचा हात काढून घेतला.