गिरीधरच्या तीन पिना

मित्रांनो, मी एक जुनी साइट आहे. चेन्नईच्या वेलचेरीत साइट म्हटलं की लोकांना घराचा प्लॉट आठवतो. मी ती नव्हे. मी धनुष्याला बसवायची साइट, नेम धरणाऱ्याचा आणखी एक डोळा. माझ्या गोल कड्यात तीन बारीक पिना आहेत. वरची हिरवी वीस वारांची, मधली पिवळी तीस वारांची, खालची तांबडी चाळीस वारांची. लांब जाणारा बाण वाटेत खाली येतो, म्हणून लांबची पिन खाली. तिच्यावरून नेम धरला की धनुष्य आपोआप उचललं जातं.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. गिरीधर तिथे नोकरीला होता, तेव्हा त्याने मला घेतलं. त्या देशात परवाना काढून हरणाची शिकार करतात. एका संध्याकाळी चाळीस वारांवरची हरिणी त्याला तिसांवर वाटली. बाण खाली उतरला, पायात लागला. ती लंगडत झाडीत गेली. तो अंधार पडेपर्यंत रक्ताच्या थेंबांमागे हिंडला, पण ती सापडली नाही.

त्यानंतर त्याने मला जिवंत जिवावर रोखलं नाही. चेन्नईला परतल्यावर तो मैदानात फोमच्या हरणांवर नेम धरायचा. माझ्या पिना त्याने इतक्या अचूक लावल्या होत्या की लोक मला हातात घेऊन बघत. पुढे त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. धनुष्य आता विसरा, असं डॉक्टर म्हणाले. मी कपाटात गेले, त्याच्या आईच्या, हेमावतीबाईंच्या, नऊवारी लुगड्यांमागे. किती पोंगल आले नि गेले.

यंदा त्याच्या लेकीची, भव्याची, साइट मोडली. रविवारी तिची तिरंदाजीची निवड चाचणी होती.

"अप्पा, तुमची साइट घेऊ?"

"घे. पिना हलवू नको. खांदा बरा झाला की मला लागतील."

हेमावतीबाई शेवग्याच्या शेंगा चिरत होत्या. "डॉक्टर तर वेगळंच म्हणाले."

"आई, तू गप बस."

"सेरी, बरं बाबा, मी गप. तुझा खांदा पण गपच आहे बघ."

शनिवारी सकाळी मैदानावर भव्याने मला आपल्या धनुष्यावर बसवलं. तिचं धनुष्य हलकं, बाण सावकाश जाणारा. वीस वारांवरून तिने हिरव्या पिनेने नेम धरला आणि बाण फोमच्या हरणाच्या पोटाखाली मातीत रुतला. गिरीधर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बघत होता. तिने पाठ फिरवली, हळूच स्क्रू सैल केला आणि पिन वर सरकवली. बाण खाली जातोय, तर पिन वर घ्यावी, असं प्रत्येक नवख्याला वाटतं. पुढचा बाण आणखी अलीकडे मातीत गेला.

"हलवलीस?"

"हलवली, अप्पा."

मला वाटलं, तो ओरडेल. तो खाली रुतलेल्या बाणाकडे बघत राहिला.

"उलटं केलंस, कण्णा, माझ्या बाळा. बाण खालती गेला की पिन पण खालती न्यायची. बाण जातो तिकडं पिन. बाण आपल्या मागं येत नाही."

"पण मग तुमची खूण जाईल."

त्याने हात पुढे केला. धनुष्य त्याला उचललं जाईना, म्हणून तिने ते त्याच्या मांडीवर आडवं धरलं. त्याने हिरवी सैल केली, थोडी उतरवली, कसली. तिने बाण सोडला. पुन्हा थोडी. मग पिवळी. त्याच्या वेगवान बाणांसाठी माझ्या पिना दाटीने उभ्या होत्या. तिच्यासाठी त्या एकमेकींपासून लांब होत गेल्या.

तांबडीवर त्याची बोटं थांबली.

"ही राहू दे, अप्पा. चाळीस वारांवर मी अंदाजाने मारीन."

"अंदाजाने नको," तो म्हणाला, आणि त्याने स्क्रू फिरवला.

रविवारी भव्याची निवड झाली. घरी त्याने खांद्याचा विषय काढला नाही. हेमावतीबाईंनीही काढला नाही.

मित्रांनो, मला जपायचं असेल तर मऊ फडक्याने पुसा, पावसात ठेवू नका, स्क्रू कसून ठेवा. पण धनुष्य बदललं, हात बदलला, तर माझ्या पिना सैल करायला भिऊ नका. फक्त, ज्याच्या त्या होत्या त्याच्या शेजारी थोडा वेळ बसा.