तीच तक्रार

माझ्या सुनेबद्दल कुणी वेडंवाकडं बोललेलं मला खपत नाही. बोलायचंच असेल तर मी बोलेन, आणि तेही तिच्या तोंडावर.

लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत ती फोन घ्यायची. लोक बोंबलणार, ही ऐकून घेणार आणि मेकॅनिकला कळवणार. मग साहेबांनी सांगून टाकलं, फोनवर इतक्या बायकांची गरज नाही. तेव्हापासून पोरीने जेवणाची सुट्टी कॉम्प्युटरला वाहिली. एका हातात पोळीची गुंडाळी, समोर शिकवणीचे व्हिडिओ. शेजारच्या टेबलावरचे फिदीफिदी हसले, पण तिने स्वतःचा प्रोग्रॅम लिहून दाखवला. एकाच लिफ्टसाठी लोक पुन्हा पुन्हा फोन करतात, मेकॅनिक वैतागतात. तर तीच लिफ्ट आणि तीच तक्रार असली, की प्रोग्रॅम ती आपोआप जुन्या तक्रारीला जोडून टाकायचा. ऑफिसात शांतता झाली. साहेबांनी तिला वेगळं टेबल दिलं. यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, छाती अशी फुगली की विचारू नका. खालच्या बाकावर मित्रांपुढे रोज तेच पुराण.

आम्ही दोघं नवव्या मजल्यावर, मुलगा-सून शहराच्या दुसऱ्या टोकाला. यांचे गुडघे कामातून गेलेले. लिफ्ट नाही तर बाहेर जाणं नाही. आमची लिफ्टही सुनेच्याच कंपनीकडे. ती मजल्याच्या वीतभर खाली थांबायला लागली, म्हणून मी फोन केला. मेकॅनिक आला तेव्हा मेली नेमकी शहाण्यासारखी वागली. तो 'ठीक आहे' लिहून गेला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं. मी रोज फोन करायला लागले. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणायची, नोंद झाली. कुणी फिरकलं मात्र नाही. सुनेच्या कानावर घालायला मन घेईना. सासू वशिला लावते असं तिच्या ऑफिसात कुणी म्हणायला नको. हे म्हणायचे, उगाच किरकिर करतेस, घरचीच माणसं आहेत.

मग एका सकाळी लिफ्टचं दार उघडलं आणि आत लिफ्टच नव्हती. नुसता अंधार आणि खालून येणारा गार वारा. मी यांचा शर्ट मागून धरला म्हणून हे वाचले. कंपनीला फोन केला, पुन्हा नोंद झाली. तेव्हा मात्र मी सुनेला फोन लावला. ती म्हणाली, अशी तक्रार तर सगळ्यात वर जायला हवी. संध्याकाळी लॅपटॉप घेऊन, जिना चढून धापा टाकत आली. तोवर यांना मी घराबाहेर पडू दिलं नव्हतं. शेजारी दिवसभर त्याच लिफ्टने जात-येत होते, मग मलाच का कोंडतेस, म्हणून हे धुसफुसत होते.

सून स्वयंपाकघरात बसून लॅपटॉपवर तक्रारी बघत राहिली. बघता बघता तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई, तुमचे सगळे फोन आलेत," ती म्हणाली. "पण आजचाही 'नीट थांबत नाही' असाच लिहिलाय, म्हणून सगळे पहिल्या तक्रारीला जोडले गेलेत. आणि ती बंद झालीय."

मला कळेना. तिने समजावलं. मेकॅनिकने 'ठीक' लिहिलं की तक्रार मिटली, आणि मिटलेली तक्रार कुणी उघडून बघत नाही. मी केलेले सगळे फोन तिथेच साचत गेले होते. असा संताप आला की तिला फाडकन बोलणार होते.

"आपलीच नाही, आई," ती पुटपुटली. "सगळ्या शहराचं हेच झालं असणार."

मग एकदम तिने मान वर केली आणि विचारलं, बाबा कुठे आहेत. बाहेरचं दार उघडं होतं.

आम्ही धावलो. हे नीट भांग पाडून, चपला घालून लिफ्टसमोर उभे होते. दार सरकलं. आत उजेड नव्हता. सून जिवाच्या आकांताने ओरडली, बाबा, थांबा.

तिचा शब्द यांनी कधी मोडला नाही. हे थांबले, पाठ लिफ्टकडे करून वळले आणि तिच्याकडे बघून हसले.

"चल, तूही ये. सगळ्यांना दाखवतो, हीच ती," म्हणाले, आणि आमच्यासाठी जागा करायला एक पाऊल मागे सरकले.